शाफ्टचे चार बोल्ट आणि चार शतांश मिलिमीटर

कुपवाडच्या एका शेडमध्ये आम्ही काही जणांनी मिळून एक छोटी गाडी बांधली. चौकोनी पाइपांची चॅसी, जुन्या ओम्नीचे इंजिन आणि गिअरबॉक्स, मागे तिचेच डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांना बळ वाटून देणारी गिअरची पेटी, आणि या दोहोंना जोडणारा, लांबी कमी करून व बॅलन्स करून घेतलेला प्रॉपेलर शाफ्ट. उसाच्या फडालगतच्या खासगी वाटेवर ती पहिले दोन दिवस व्यवस्थित धावली. तिसऱ्या दिवशी क्लच सोडताना खालून ‘टक्’ असा एकच कोरडा आवाज येऊ लागला. क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा वाकू शकणारा सांधा, ढिला झाला असावा, असे सर्वांनाच वाटले. गाडी घोड्यांवर, म्हणजे तिला उचलून धरणाऱ्या लोखंडी तिवयांवर घेऊन, खाली पोते अंथरून मी बॅटरीच्या उजेडात पाहिले, तेव्हा क्रॉस उत्तम होता. मात्र डिफरन्शियलच्या फ्लँजवरच्या, म्हणजे शाफ्ट जिला जोडतात त्या भोके असलेल्या चकतीवरच्या, चारही बोल्टांच्या डोक्याभोवती विटेच्या भुकटीसारखी लालसर पूड जमली होती आणि तेरा नंबरचा पाना लावल्यावर पहिला बोल्ट दोन बोटांनी फिरला. चारही स्प्रिंग वॉशर जागेवर होते. आमच्यातल्या सर्वांत दणकट मुलाने ते बोल्ट अंगातले सगळे बळ लावून आवळले होते, याला मी स्वतः साक्षी होतो.

मग ते सुटले कसे? हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही, आणि त्याचे उत्तर कळल्याशिवाय पुन्हा जोर लावून आवळण्यात काहीच अर्थ नसतो.

पहिला गैरसमज बोल्टच्या कामाविषयी आहे. दोन फ्लँज समोरासमोर ठेवून त्यांच्या भोकांतून चार बोल्ट घातले की, शाफ्ट फिरताना हे बोल्ट खुंटीसारखे अडतात आणि एका फ्लँजचे बळ दुसरीला देतात, असे चित्र बहुतेकांच्या डोळ्यांसमोर असते. वस्तुस्थिती तशी नाही. नीट आवळलेल्या जोडात बोल्ट दोन्ही फ्लँज एकमेकींवर इतक्या जोराने दाबून धरतात की, त्यांच्या पृष्ठभागांमधील घर्षणच इंजिनाचा सगळा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, पुढे नेते आणि बोल्टच्या दांड्यावर आडवा मार जवळजवळ येतच नाही. ज्या क्षणी दाब कमी होऊन फ्लँज एकमेकींवर केसभर घसरू लागतात, त्या क्षणी बोल्ट खुंटीसारखे काम करू लागतात, आणि त्या कामासाठी ते बसवलेलेच नसतात. आमची लाल पूड म्हणजे त्या घसरण्यातून झिजलेल्या लोखंडाचा गंज होता.

दुसरी गोष्ट अशी की, आवळलेला बोल्ट ही एक स्प्रिंग असते. नट फिरवत गेल्यावर फ्लँज आतल्या आत दाबल्या जातात आणि बोल्ट लांब होतो. लांब झालेला बोल्ट पुन्हा मूळ लांबीवर येऊ पाहतो आणि त्याच ओढीने तो फ्लँजना धरून ठेवतो. या ओढीला पूर्वताण म्हणू. आता तो बोल्ट लांब होतो म्हणजे किती होतो, हे पाहण्यासारखे आहे. एम ८ मापाचा, म्हणजे ८ मिलिमीटर व्यासाचा, ८.८ प्रतीचा बोल्ट नीट आवळला तर त्यात साधारण १६,००० न्यूटन, म्हणजे सुमारे १,६०० किलो वजनाइतकी ओढ निर्माण होते. दोन फ्लँज मिळून २० मिलिमीटर जाडी असेल, तर एवढी ओढ असलेला बोल्ट लांब होतो फक्त ०.०४ मिलिमीटर. आपण वहीच्या ज्या कागदावर लिहितो, तो याच्या सुमारे दुप्पट जाड असतो. एवढ्या चार शतांश मिलिमीटरवर सगळा जोड उभा असतो, आणि तो सांभाळणे एवढेच पुढच्या प्रत्येक खबरदारीचे प्रयोजन आहे.

आमचे काय चुकले, ते आता लगेच सांगता येते. चॅसीसोबत आम्ही फ्लँजही पावडर कोटिंगला दिल्या होत्या. काळ्या चकचकीत रंगाचा तो थर ६० ते १०० मायक्रॉनचा (०.०६ ते ०.१ मिलिमीटरचा) असतो, म्हणजे बोल्टच्या एकूण ताणाच्या दीडपट ते अडीचपट. बोल्टच्या डोक्याखाली एक थर, नटखाली एक आणि दोन फ्लँजच्या मध्ये दोन थर. गाडी धावू लागल्यावर हा रंग दाबाखाली आणि उष्णतेने दबला, थोडा बाजूला सरकला, आणि बोल्टची लांबी जिथून वाढली होती तिथे परत आली. नट एका अंशानेही उलटा फिरलेला नसताना पकड गेलेली होती. अंगातले बळ कितीही असले तरी रंगावर आवळलेला बोल्ट टिकत नाही. म्हणून जोडाचे चारही पृष्ठभाग, म्हणजे फ्लँजच्या समोरासमोरच्या बाजू आणि बोल्ट व नट टेकतात त्या जागा, उघड्या धातूपर्यंत स्वच्छ हव्यात. भोके पाडताना काठांवर उठलेली बूर, म्हणजे धातूची खरबरीत कड, कानशीने काढून टाकावी. तीही याच पद्धतीने नंतर दबते.

आता थोडे आकडे, कारण या आकड्यांवरून ‘थोडासाच ढिला आहे’ या समजुतीची खरी किंमत कळते. इंजिनाचा टॉर्क ६० न्यूटन-मीटर आणि पहिल्या गिअरचे प्रमाण ३.६ धरले, तर शाफ्टवर येतो २१६ न्यूटन-मीटर. प्रत्येक बोल्टच्या मध्यापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतचे अंतर ३५ मिलिमीटर आणि कोरड्या, स्वच्छ पोलादी पृष्ठभागांचा घर्षणांक ०.१५ धरला, तर १६,००० न्यूटनचे चार बोल्ट मिळून घर्षणाच्या बळावर ३३६ न्यूटन-मीटर पेलतात. हिशेब जमतो. पण पूर्वताण निम्मा झाला की ही क्षमता १६८ वर येते, म्हणजे शाफ्टवर येणाऱ्या टॉर्कपेक्षा कमी, आणि फ्लँज प्रत्येक वेळी क्लच सोडताना घसरू लागतात. निम्मा आवळलेला जोड निम्म्या ताकदीचा नसतो. तो नसल्यातच जमा असतो. शिवाय इंजिनाचे फेरे वाढवून क्लच झटक्याने सोडला, तर शाफ्टवरचा क्षणिक मार हिशेबातल्या टॉर्कच्या दुप्पट होऊ शकतो, आणि मग पूर्ण आवळलेले ८.८ चे एम ८ बोल्टही अपुरे ठरतात. हा हिशेब वहीत मांडल्यावरच आम्ही १०.९ प्रतीचे बोल्ट आणि त्यांना साजेसे १० प्रतीचे नट घेतले. त्यांचा पूर्वताण सुमारे २२,८०० न्यूटनपर्यंत नेता येतो आणि जोडाची क्षमता ४७८ न्यूटन-मीटरवर जाते.

बोल्टच्या डोक्यावर कोरलेल्या या अंकांचा अर्थ साधा आहे. ८.८ मधला पहिला आठ म्हणजे तुटण्यापूर्वीची ताकद दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन. दुसरा आठ म्हणजे त्याच्या आठ दशांशावर, ६४० वर, बोल्ट कायमचा लांब होऊ लागतो. डोक्यावर काहीच अंक नसेल तर तो बोल्ट शाफ्टला लावू नये, मग तो कितीही जाडजूड दिसो. हार्डवेअरच्या दुकानात वजनावर मिळणारे साधे बोल्ट बहुधा ४.६ प्रतीचे असतात. ते २४० वरच ताणले जातात. ८.८ चा टॉर्क लावून असा बोल्ट आवळला तर तो ओल्या चामड्यासारखा लांबत जातो, हाताला मात्र ‘आवळला’ असेच वाटते. स्टेनलेसचे बोल्ट दिसायला सुंदर असतात आणि गंजत नाहीत, म्हणून घरी गाडी बांधणाऱ्याला त्यांचा मोह फार. परंतु नेहमी मिळणारे ए२-७० प्रतीचे स्टेनलेस ४५० वरच हार मानते आणि आवळताना त्याचे आटे एकमेकांत रुतून बसतात. ते बंपरला आणि नंबरप्लेटला शोभतात, शाफ्टला नाही. मूळ गाडीचे कारखान्याचे बोल्ट मिळत असतील आणि फ्लँजही मूळच असतील, तर तेच घ्यावेत आणि टॉर्कही त्या गाडीच्या पुस्तिकेतलाच लावावा.

बोल्ट घेताना आटे जपून पाहावेत. एम १० मध्ये १.५ मिलिमीटरचा जाड आटा मिळतो तसा १.२५ चा बारीकही मिळतो, आणि चुकीचा नट दोन फेरे चढून मग अडतो. तेव्हा पाना लावून पुढे रेटण्याचा मोह आवरला पाहिजे. नट शेवटपर्यंत बोटांनी फिरला तरच जोडी योग्य. लांबीही अशी निवडावी की दोन फ्लँज जिथे भिडतात, तिथे बोल्टचा आटे नसलेला, गुळगुळीत भाग येईल. वेळप्रसंगी फ्लँज घसरल्याच, तर आट्यांच्या खाचेपेक्षा पूर्ण जाडीचा दांडा मार अधिक सोसतो.

आता आवळण्याकडे येऊ. पान्याला लावलेल्या बळापैकी साधारण निम्मे नटच्या तळाच्या घर्षणात जाते, सुमारे ४० टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणण्यासाठी उरतो. म्हणूनच हाताचा अंदाज इतका फसवा असतो: आटे थोडे गंजलेले असतील तर सगळे बळ घर्षणातच विरते आणि बोल्ट ताणलाच जात नाही, उलट आट्यांना तेल असेल तर तेवढ्याच टॉर्कला बोल्ट तिसऱ्या हिश्शाने जास्त ताणला जातो. कोरड्या आट्यांच्या ८.८ एम ८ बोल्टला साधारण २५ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो, १०.९ ला साधारण ३६. एम १० ८.८ असेल तर ५० च्या आसपास. जुन्या मिस्त्रींच्या बोलण्यात हाच टॉर्क किलोत येतो. २५ न्यूटन-मीटर म्हणजे त्यांचे अडीच किलो.

टॉर्क रेंच, म्हणजे टॉर्क मोजून आवळणारा पाना, हाताशी असेल तर प्रश्नच नाही. फक्त तो बोल्ट सोडवण्यासाठी वापरू नये आणि काम झाल्यावर त्याची स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर सैल करून ठेवावी. पण शाफ्टच्या बोगद्यात टॉर्क रेंचवरची गोटी (सॉकेट) पुष्कळदा शिरतच नाही. तिथे आम्ही जे केले ते कोणालाही करता येईल. रिंग पान्यावर बोल्टच्या मध्यापासून बरोबर २५ सेंटिमीटरवर खडूने खूण केली, तिथे सामान तोलण्याचा टांगता काटा अडकवला आणि पान्याशी काटकोन ठेवून तो सावकाश ओढला. काट्यावर दहा किलोचा आकडा आला की २५ न्यूटन-मीटर झाले. ३६ साठी पावणेपंधरा किलोपर्यंत जावे लागते. पाना आखूड असेल तर त्या प्रमाणात काट्यावरचे वजन वाढवावे लागते. झटका मारला किंवा काटकोन सुटला तर आकडा खोटा येतो, म्हणून एकाने पाना सांभाळावा आणि दुसऱ्याने काटा वाचावा.

हे करताना गाडी सपाट जागी, पक्क्या घोड्यांवर हवी. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोके घालू नये, हे मी येथे मुद्दाम लिहितो आहे. बोल्ट सोडवताना आपण गाडीला आडवे हिसके देत असतो आणि जॅक अशाच हिसक्याने कलंडतो. जमिनीवर असलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. शाफ्ट फिरू नये म्हणून गिअर टाकून हँडब्रेक ओढावा आणि पुढचा बोल्ट वर आणण्यापुरतेच ते सोडावे. चारही बोल्ट आधी बोटांनी बसवून, फ्लँजची मधली कडी तिच्या खोबणीत पूर्ण बसल्याची खात्री करून, मग समोरासमोरच्या जोड्यांनी आवळावेत: पहिल्या फेरीत निम्मा टॉर्क, दुसऱ्या फेरीत पूर्ण, आणि तिसरी फेरी फक्त तपासणीची. एकच बोल्ट आधी पूर्ण आवळला तर फ्लँज तिरकी बसते आणि बाकीचे तीन बोल्ट तिला सरळ करण्यातच आपला टॉर्क खर्च करतात. शक्यतो बोल्टचे डोके धरून ठेवावे आणि नट फिरवावा.

यानंतर प्रश्न येतो बोल्ट सुटू नये यासाठी काय करायचे, आणि येथे आपल्याकडची एक जुनी सवय मोडावी लागते. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले की, बोल्टला सर्वांत जास्त ढिले करते ते त्याच्या दांड्याला आडवे असणारे हादरणे. जोड आडवा घसरतो तेव्हा आट्यांमधले आणि नटखालचे घर्षण क्षणभर निकामी होते, आणि आट्यांच्या उतारावरून नट आपोआप मागे येतो. घसरण थांबवली तर नट फिरतच नाही. म्हणजे बोल्टचे पहिले आणि सर्वांत भरवशाचे कुलूप म्हणजे त्याचा पूर्वताणच. युंकरच्या पद्धतीच्या हादरे-चाचणीत स्प्रिंग वॉशर लावलेले जोड मात्र झपाट्याने सुटतात. कारण उघड आहे: बोल्टच्या पूर्ण ताणाच्या मानाने अगदी थोड्या बळाखालीच तो वॉशर सपाट होतो, आणि सपाट झालेला स्प्रिंग वॉशर ही एक साधी चकती असते. आमचे चारही स्प्रिंग वॉशर जागेवर असतानाच बोल्ट सुटले होते. त्यांच्या जागी कडक पोलादाचा सपाट वॉशर चांगला, कारण तो दाब पसरवतो.

नायलॉक नट, म्हणजे ज्याच्या माथ्यावर नायलॉनची कडी असते तो नट, हा सोपा आणि चांगला उपाय आहे. बोल्टची टोके कडीच्या पलीकडे निदान एक-दोन आटे बाहेर यायला हवीत, आणि शाफ्टच्या कामात एकदा काढलेला नायलॉक पुन्हा वापरू नये. चार नटांची किंमत चहाच्या एका फेरीइतकीच पडते. सायलेन्सरच्या पाइपाजवळ किंवा ब्रेक डिस्कला लागून असलेल्या जोडात मात्र नायलॉन १२० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते, म्हणून तिथे संपूर्ण धातूचा लॉक नट घ्यावा.

बोल्ट थेट फ्लँजच्या आट्यांत जात असेल आणि नटला जागाच नसेल, तर लॉकटाईटसारखे आटे जखडणारे द्रव्य उपयोगी पडते. हे द्रव्य हवा नसलेल्या जागी, धातूच्या स्पर्शाने घट्ट होते. म्हणूनच बाटलीत अर्धी जागा हवेसाठी ठेवलेली असते. निळे द्रव्य पान्याने पुन्हा सुटते, तर लाल द्रव्य सोडवण्यासाठी बोल्ट सुमारे २५० अंशांपर्यंत तापवावा लागतो. शाफ्टला निळे पुरते. आटे तेलकट असतील तर ते धरतच नाही, म्हणून बोल्ट आणि भोक दोन्ही थिनरने धुवून पूर्ण वाळवावेत, आणि पूर्ण घट्ट होण्यासाठी गाडीला एक दिवस उभे ठेवावे. येथे एक बारकावा फार जणांच्या हातून सुटतो. द्रव्य घट्ट झाल्यावर ‘जरा बघू’ म्हणून बोल्ट पुन्हा आवळला की ते जागच्या जागी तुटते आणि तो बोल्ट त्या क्षणापासून उघडा पडतो. तपासायचा तर तो डोळ्यांनी तपासावा, पान्याने नव्हे; आणि पाना लावावाच लागला, तर बोल्ट पूर्ण काढून, धुवून, नव्याने द्रव्य लावूनच बसवावा.

डोक्यात आडवे भोक असलेल्या बोल्टांना सुरक्षा तार गुंफता येते. ती अशी ओढलेली असावी की एखादा बोल्ट सुटू लागला तर तार आणखी ताठ होऊन त्याला आवळण्याच्याच दिशेने खेचेल. उलट गुंफलेली तार केवळ सजावट होते. तार पूर्वताण वाढवत नाही, टिकवतही नाही. ती फक्त सुटलेला बोल्ट गळून पडू देत नाही.

आणि तो गळून पडला तर? मागच्या चाकाचा घेर १.७३ मीटर आणि डिफरन्शियलचे प्रमाण ४.३ धरले, तर ताशी ६० किलोमीटर वेगाला शाफ्ट मिनिटाला जवळजवळ २,५०० फेरे घेत असतो. त्याचे मागचे टोक सुटले तर तो चाबकासारखा फिरत ब्रेकची नळी, पेट्रोलची नळी आणि पायाखालचा पत्रा फोडतो. पुढचे टोक सुटून जमिनीत रुतले तर गाडीच उचलली जाते. म्हणून शाफ्टच्या पुढच्या भागाभोवती चॅसीला वेल्डिंग न करता बोल्टने पक्की केलेली, जाड पट्टीची एक कडी असावी, जी सुटलेला शाफ्ट खाली पडू देणार नाही. आमच्या गाडीला ती आधी नव्हती. ती आता आहे.

किर्लोस्करवाडीत १९१० पासून यंत्रे घडवणाऱ्या या आमच्या सांगली जिल्ह्यात घरी गाडी बांधणाऱ्यांची हौस काही नवी नाही. देवराष्ट्रे येथील एका कारागिराने भंगारातून बांधलेली, किक मारून सुरू होणारी जीप डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांच्या नजरेत भरली आणि पुढच्याच महिन्यात तिच्या बदल्यात त्या कुटुंबाला बोलेरो मिळाली. पण ती देऊ करतानाच महिंद्रांनी हेही म्हटले होते की, नियमांत न बसणारी ती गाडी आज ना उद्या रस्त्यावर अडवली जाईल. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालवता येत नाही, आणि म्हणूनच आमची गाडी आजही उसाच्या वाटेपलीकडे जात नाही.

शेवटच्या जोडणीनंतर आम्ही प्रत्येक नटावरून बोल्टच्या टोकावर आणि तिथून फ्लँजवर पिवळ्या ऑइलपेंटची एक सरळ रेघ ओढली. पहिल्या दहा फेऱ्यांनंतर, मग पन्नास किलोमीटरनंतर, आणि आता दर महिन्याला कोणीतरी पोत्यावर आडवे होऊन बॅटरीच्या उजेडात त्या चार रेघा पाहते. रेघ तुटलेली दिसली किंवा वॉशरच्या कडेला लाल पूड दिसली, तर तो नट आवळायचा नाही. चारही बोल्ट काढायचे, फ्लँज उघडायच्या आणि पकड कुठे गेली ते शोधायचे, असे आमचे ठरले आहे. परवाच्या रविवारी पाहिले, तेव्हा चारही रेघा सरळ होत्या.